बुधवारची कुमुद

फोन सकाळी आला. मी चहा गाळत होते. पलीकडे कुमुदच्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांना सगळे मोठ्या वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणते. "बाई, आपली कुमुद गेली हो," त्या म्हणाल्या. "जेवून झोपली ती उठलीच नाही. कुणाला काही करायला लावलं नाही तिने." मग त्या जरा थांबल्या. मला वाटलं, रडतायत. पण त्यांचं एक वाक्य राहिलं होतं. "पुण्यवान बाय. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मासळी तोंडाला लावली नाही..." मी फोन ठेवला तेव्हा चहा उतू जाऊन ओटाभर पसरला होता. शाळेपासूनची मैत्रीण गेल्याचं दुःख मला व्हायला हवं होतं, आणि ते झालंही, पण बरंच नंतर. आधी किळस आली. ती आज इतक्या आठवड्यांनीही गेलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मला किळस लवकर येते, हे आधीच कबूल केलेलं बरं. दुधावरची साय, ओलं पायपुसणं, दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, कशानेही माझं तोंड वाकडं होतं. शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं माझ्या मागे माझ्या नाकाची नक्कल करायची. आणि या सगळ्या किळसांची महाराणी म्हणजे मासळी. आमच्या घरात जेवताना मासळीचं नावही घेत नसत. कुमुदच्या घरात मासळीवाचून घास उतरत नसे. आम्ही रत्नागिरीत एका शाळेत, एका बाकावर वाढलो. मधल्या सुट्टीत ती डबा उघडायची, सुकटीची चटणी आणि भाकरी, आणि मी माझा डबा घेऊन खिडकीत जाऊन बसायची. ती तिथूनच मला मोठ्याने प्रत्येक घासाचं वर्णन ऐकवायची. मैत्री टिकली ती बहुधा या छळावरच टिकली.

पुढे मिरकरवाड्याला मासे घ्यायला ती मला ओढून न्यायची. मी पदर नाकाला लावून लांब उभी. ती टोपलीपुढे उकिडवी बसायची आणि मासा हातात घेतल्याशिवाय बोलायलाच सुरुवात करायची नाही. बोटाने पाठ दाबून बघायची, डोळा बघायची, मग अंगठ्याने कल्ला उचलून आत डोकावायची. लाल असला तर मान डोलवायची. मळकट दिसला तर काही न बोलता मासा परत टोपलीत. मासेवाल्या तिला शिव्याही द्यायच्या आणि तिच्यासाठी चांगलं काढूनही ठेवायच्या. लग्न होऊन ती आरे-वारेच्या वाटेवरच्या एका मोठ्या घरात गेली. हापूसच्या बागा, चार भावांचं एकत्र कुटुंब, पंधरा-वीस पानं रोजची. नवरा, वसंतराव, सालस आणि कमी बोलणारा. महिन्याभरात त्या घराचं मासळीचं खातं कुमुदकडे आलं ते कायमचं. तिच्या हातची सुरमई खायला मुंबईचे पाहुणे एकेक दिवस मुक्काम वाढवायचे. तळलेल्या सुरमईचं डोकं मात्र ती कुणाला द्यायची नाही. ते तिचं. सगळ्यांची जेवणं झाली की ती ते घेऊन मागल्या दारी बसायची आणि सावकाश, आवाज करत, एकेक हाड चोखायची. मी एकदा ते पाहिलं आणि दोन दिवस जेवले नाही.

अठ्ठ्याण्णव साली वसंतराव गेले. दिवसवार झाले, सुतक फिटलं, घरात परत मासे आले. कुमुदने ते नेहमीसारखे साफ केले, कापले, आगळ-मसाला लावून तळले. जेवायला बसली तेव्हा मोठ्या वहिनींनी तिच्या पानावर वरणभात वाढला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "कुमुद, आता तुला नाही चालायचं. आपल्या घराण्यात रीत आहे." तिला धक्का बसला नसावा. तिच्या सासूनेही सोडले होते. पण सासूने मासे सोडले तेव्हा ती चुलीपासूनही उठली होती, ते खातं सुनेकडे गेलं होतं. कुमुदचं तसं झालं नाही. तिच्या हातची चव कुणाच्या हाताला नव्हती, म्हणून तिने खायचं नाही, पण करायचं तिनेच, असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मासेवाली आली आणि सगळ्यांनी कुमुदकडे पाहिलं.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. ती कोळंबीचं कालवण करत होती. मीठ बघायला तिने डावातला रस्सा नाकाशी नेला, डोळे मिटले, वास घेतला आणि चिमूटभर मीठ घातलं. चाखायचंही नव्हतं. मी दारात उभी होते आणि मला किळस आली, पण या वेळी कोळंबीची नव्हे. पंगत बसली. मोठ्या वहिनी बोटं चाटता चाटता म्हणाल्या, "कुमुद, आज मीठ जरा कमी पडलं हां." कुमुद म्हणाली, "उद्या बघते, वहिनी." आणि स्वतःच्या पानावरची वालाची उसळ भाताशी कालवू लागली. माणसं तोंड भरून खात असताना इतकी ओंगळ दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी त्या घरात जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगायची. त्यांना वाटायचं, बाई फार धार्मिक आहेत.

या गैरसमजाचा पुढे उपयोग झाला. कुमुदची मुलगी नीलू लग्न होऊन बार्सिलोनाला गेली होती. नवरा तिकडच्या एका कंपनीत संगणकावर काम करायचा. दोन हजार चार साली नीलूला दिवस राहिले आणि बाळंतपणाला आईला बोलावणं आलं. कुमुद एकटी कधी मुंबईलाही गेली नव्हती. मी नुकतीच निवृत्त झाले होते, इंग्रजी बोलू शकत होते, मागे-पुढे कुणी नव्हतं. मोठ्या वहिनींनी तिच्या सामानात डिंक, खारीक, अळीव सगळं भरून दिलं आणि निघताना म्हणाल्या, "तिकडे काय काय खातात कोण जाणे. पण बाई सोबत आहेत म्हणजे काळजी नाही." मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. मी राखणदार म्हणून चालले आहे हे मला तेव्हाच समजलं.

नीलूला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि चालायचं तर रांब्ला नावाच्या रुंद रस्त्यावरच्या जुन्या बाजारापर्यंत, असं तिचं ठरलेलं. लोखंडी छपराचा तो बाजार. त्या जागी पूर्वी मठ होता म्हणे, देवदेव करणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा. नीलूने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आत शिरलो आणि मी पदर नाकाला लावला तो बाहेर येईपर्यंत काढला नाही. वर डुकरांच्या तंगड्या खुरांसकट टांगलेल्या. खाली सोललेले ससे, डोळे तसेच. एका बाजूला बोकडाच्या मुंड्या ओळीने मांडलेल्या, दात विचकून. एका टोपलीत गोगलगायी, जिवंत, टोपलीच्या काठावरून चढून येणाऱ्या, आणि एक बाई त्यांना बोटाने परत आत ढकलत होती. आपल्याकडे पावसाळ्यात अंगणात निघाल्या तर आम्ही मीठ टाकतो. "ह्या खातात?" मी विचारलं. नीलू म्हणाली, "फार छान लागतात, मावशी." मी तिच्याकडे परत दोन दिवस नीट पाहिलं नाही.

बाजाराच्या मध्यभागी मासळी. बर्फाचे ढीग, वर मासे फुलासारखे मांडलेले, आणि मागे रंगरंगोटी केलेल्या, कानात मोती घातलेल्या मासेवाल्या. कुमुद तिथे थांबली. सहा वर्षांत तिने रोज मासे हाताळले होते, पण ते दुसऱ्यांचे. इथे ती नुसतीच बघत होती. "गो शरू, ही बघ तांबोशी," ती म्हणाली. "आणि हे माकूल, केवढं." आणि मग काय होतंय हे आम्हाला कळायच्या आत तिने हात पुढे केला, तो लाल मासा बर्फावरून उचलला, पाठ दाबली आणि अंगठ्याने कल्ला वर केला.

मासेवाली जी ओरडली, तिचा शब्दही कळला नाही आणि सगळंच कळलं. तिकडे मालाला हात लावायचा नसतो. बोट दाखवायचं, ती उचलणार. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. नीलू पोट सावरत माफी मागत होती. कुमुद मासा हातात धरून तशीच उभी. "ही काय म्हणते गो?" तिने विचारलं. नीलूचं तोंड लाल झालं होतं. "म्हणते, हात लावलास, आता घ्यायचा." तोवर त्या बाईने कुमुदच्या हातातून तो मासा घेऊन कागदात गुंडाळलाही होता. तर अशी कुमुदने सहा वर्षांनी स्वतःची अशी मासळी घेतली. घरी येईपर्यंत ती पिशवी तिने नीलूला दिली नाही, मला तर नाहीच.

आता त्या माशाचं करायचं काय? नीलूला त्या दिवसांत स्वतःच्या घरात मासळीचा वास सोसत नव्हता. खालच्या मजल्यावर मोंसेरात नावाची म्हातारी राहायची, जाडजूड, काळे कपडे, काळे मोजे. तिने जिन्यातच पिशवी उघडून पाहिली आणि आम्हा तिघींना स्वयंपाकघरात बसवलं. दगडी खलात तिने बदाम, लसूण आणि तळलेला पाव कुटला, टोमॅटो परतला, बटाट्याच्या फोडी टाकल्या. कुमुद उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "हे वाटणच की," ती म्हणाली. "खोबऱ्याच्या जागी बदाम. तिरफळ मात्र हवं होतं." म्हातारीला शब्द कळला नाही, पण तिने चमच्यातला रस्सा कुमुदपुढे धरला. कुमुदने सवयीने तो नाकाशी नेला. म्हातारी हसायला लागली. कुणी रस्सा नाकाने चाखतं का, असा तिचा भाव होता.

म्हातारीने पानं मांडली. मला एकटीला पाव दिला, त्यावर तिने आपल्या हातांनी पिकलेला टोमॅटो चोळला आणि वर तेल ओतलं. त्या लिबलिबीत पावाकडे बघून माझं तोंड वाकडं झालं, पण भूक होती. माशाचं डोकं तिने कुमुदच्या ताटलीत वाढलं. पाहुणीचा मान म्हणून. कुमुद हात मांडीवर ठेवून बसली. मग तिने नीलूला हळूच विचारलं, "हिचा नवरा?" नीलू म्हणाली, "गेला, खूप वर्षं झाली. म्हणून तर काळे कपडे." "आणि ही खाते?" म्हातारी तेव्हा दुसऱ्या बाजूला माशाचा गाल बोटाने सोलून तोंडात टाकत होती. तिच्या हनुवटीवर तेल ओघळलं होतं. शिसारी यावी असंच दृश्य होतं, आणि आलीही.

"आई, खा ना," नीलू म्हणाली. कुमुद माझ्याकडे बघत होती. मी राखणदार. "माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं. "मला त्या वासाने डोळे उघडवत नाहीयेत. मला काही दिसत नाही." आणि मी खरंच डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने तो आवाज आला. हाड चोखण्याचा. मागल्या दारचा, अठ्ठ्याण्णवच्या आधीचा. मी डोळे उघडले तेव्हा कुमुद खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी रश्शात पडत होतं, आणि ती ते पुसण्यासाठीसुद्धा थांबत नव्हती.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत घाणेरडे वासाचे महिने. बाळ झालं, बारसं झालं, आणि रोज सकाळी कुमुद पिशवी घेऊन तयार. आता हात न लावता, मान तिरकी करून कल्ले बघायला शिकली होती. तिने शेवया खाल्ल्या, आपल्या खिरीतल्यासारख्या बारीक शेवया, माशाच्या पाण्यात शिजवलेल्या. शेवयांत मासे घालणाऱ्या माणसांना काय म्हणावं? माकुलाच्या शाईत शिजवलेला काळाकुट्ट भात खाऊन तिचे दात काळे झाले आणि ती मला हसून दाखवत होती. शेवटी तिने गोगलगायीही खाल्ल्या, टाचणीने ओढून. मी भाजलेली वांगी खाऊन दिवस काढले. बिनफोडणीचं, बिनमिठाचं भरीत ते. तिकडच्या जेवणात मला आवडावं असं मी काहीही पाहिलं नाही. पण कुमुदला जेवताना पाहिलं.

परतीच्या विमानात, मुंबईला उतरायच्या आधी कुमुद म्हणाली, "संपलं गो आता." मी म्हटलं, "घरी जाऊन सांग त्यांना. मी खाणार म्हणून सांग." ती म्हणाली, "नीलूचं माहेर तेच आहे. भांडून बसले तर पोरीने उतरायचं कुठे?" मग माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच अजून नवल वाटतं. "माझ्याकडे येऊन कर," मी म्हटलं. "बुधवारी ये."

आणि पाच वर्षं ती दर बुधवारी आली. तिच्या घरी सांगितलं होतं की बाईंकडे गीतेचा अध्याय असतो. मोठ्या वहिनींनी यात इतकं पुण्य पाहिलं की त्या स्वतः तिला रिक्षात बसवून द्यायच्या. माझ्या स्वयंपाकघरात मी एक लोखंडी तवा, एक टोप आणि एक उलथणं वेगळं काढलं होतं. ती मासे घेऊन यायची, आणि मी कापूर घेऊन व्हरांड्यात. आतून ती ओरडून सांगायची, "शरू, आज सौंदाळे आहेत. आज बदामाच्या जागी काजू वाटलेत." मी ओरडायची, "मला नको सांगूस." मोठं डोकं आणलेलं असलं तर मला आधी बजावायची, म्हणजे मी बागेत जाऊन बसावं. किळस कमी झाली का? अजिबात नाही. एकदा माझ्या पेल्याला वास आला म्हणून मी तिच्याशी तासभर भांडले. एकदा तिने मला विचारलं, "तुला एवढं होतं तर कशाला करतेस गो हे?" मी म्हटलं, "तुझ्या घरातल्यांची किळस याहून जास्त येते, म्हणून." ती हसली. मग म्हणाली, "मी आहे तोवर मात्र कुठे बोलू नकोस."

ती गेल्यावर नीलू आली. विमान मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुतक फिटलं त्या दिवशी मला जेवायला बोलावलं आणि मी गेले. ओटीवर मोठ्या वहिनींचे यजमान आजारी होऊन खाटेवर पडलेले, खोकत. आत मुंबईहून आलेली माणसं, आणि तळलेल्या सुरमईचा घमघमाट. रीतीप्रमाणे पहिलं पान गेलेल्या माणसाचं. कुमुदच्या फोटोपुढे केळीचं पान होतं. त्यावर वरणभात, लिंबाची फोड, वालाची उसळ. "तिला चालायचं नाही ना," मोठ्या वहिनी सगळ्यांना सांगत होत्या. "फार व्रतस्थ. शेवटपर्यंत." माणसं माना हलवत होती आणि मधल्या परातीतून सुरमईच्या तुकड्या उचलत होती. एक जण म्हणाला, कुमुदकाकीच्या हातची सर नाही आली. परातीच्या कडेला डोकं पडलं होतं. ते कुणीच घेत नव्हतं.

मी उठले. साठी उलटून गेली, पण मी कधी माशाला बोट लावलं नव्हतं. मी ते डोकं हातात घेतलं. ते गरम होतं आणि तेलकट होतं, बोटांना मसाला लागला. ते मी नेऊन कुमुदच्या पानावर, भाताच्या शेजारी ठेवलं.

"अहो बाई, हे काय?" मोठ्या वहिनी म्हणाल्या. "तिला चालत नव्हतं."

"तुम्हाला चालत नव्हतं," मी म्हटलं. "ती पाच वर्षं दर बुधवारी माझ्याकडे खात होती. स्वतः करून, चाखून. मीठ कधी कमी पडलं नाही."

खाणारे हात तिथेच थांबले. मी नीलूकडे बघितलं, कारण माहेर तिचं जाणार होतं. ती उठली, पानावरची लिंबाची फोड घेतली आणि आईसाठी ठेवलेल्या त्या सुरमईच्या डोक्यावर पिळली. मग आपल्या जागी जाऊन बसली आणि जेवू लागली.

मी हात धुवायला मागल्या दारी गेले. मोठ्या वहिनी पाठोपाठ तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर बांगड्या. ओटीवरून त्यांच्या यजमानांचा खोकला ऐकू आला, बराच वेळ थांबेना, आणि तांब्याची धार हलली. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाई... कुमुद ज्यात करायची, ती भांडी तुमच्याकडे अजून आहेत का?"

मला आयुष्यात अनेक गोष्टींची किळस आली आहे, पण अशी नाही. त्या बाईला नवऱ्यामागची आपली पाळी दिसायला लागली होती. आणि तिला इतकंच सुचत होतं की आपणही चोरून खावं.

"आहेत," मी म्हटलं. "पण ती कुमुदची आहेत. तुम्हाला खायचं असेल तेव्हा तुमचं तुम्ही मागा. याच घरात, याच पंगतीत."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या आत गेल्या. उरलेलं पाणी मी माझ्या हातांनी घेतलं, राखेने घासून बोटं धुतली. घरी येऊन साबणाने धुतली, लिंबाने चोळली. वास गेला नाही. दिवेलागणीला व्हरांड्यात बसले तरी तो बोटांना होता, तिरफळासारखा, किंचित कडसर. मी पुन्हा धुवायला म्हणून उठले आणि परत बसले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता.